आधी ओळख, मग निवाडा

'गोगलगाय अन् पोटात पाय' ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. वरून गरीब दिसणाऱ्या पण आतून पक्क्या असलेल्या माणसाला उद्देशून ती वापरतात. गंमत अशी, की प्राणिशास्त्रज्ञांनी गोगलगाईच्या वर्गाला दिलेल्या नावाचा अर्थही हाच आहे. 'गॅस्ट्रोपोडा' म्हणजे उदरपाद, पोटालाच पाय असलेले प्राणी. ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्या आपल्या पूर्वजाने गोगलगाय उलटी करून नीट पाहिली असली पाहिजे. आज मात्र आपण गोगलगाय पाहतो ती मिठाची पुडी हातात घेऊनच. विद्यार्थी मित्रांनो, माझी तक्रार आहे ती या पुडीविषयी.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गोगलगाय हा माझा विषय नव्हे. तो माझ्यापर्यंत कसा आला, ते आधी सांगतो.

पावसाळ्याचे दिवस होते. अमरावतीला आमच्या घराशेजारी राहणारा नववीतला एक मुलगा आगपेटी घेऊन आला. पेटीत तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे असे आठ-दहा निमुळते शंख होते. काही हळूहळू सरकत होते.

"सर, ही आफ्रिकन गोगलगाईची पिल्लं होय. कुंडीच्या बुडाशी सापडली," तो म्हणाला.

पाठोपाठ त्याचे वडील आले. त्यांची शेती आहे, सोयाबीन पेरतात. ते म्हणाले, "सर, आताच मारून टाका त्यायले. मोठे झाले का मंग आवरत नाहीत. मीठ टाकलं का काम संपलं."

त्यांच्या बोलण्यात राग होता आणि त्या रागाला कारण होते. २०२२ च्या जुलैमध्ये लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांत गोगलगाईंनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. ती बातमी आमच्या वऱ्हाडातही प्रत्येक सोयाबीनवाल्याने धास्तीने वाचली होती. ज्याचे बियाणे मातीत गेले आहे, त्याला गोगलगाईवर दया करायला सांगणे सोपे नाही, आणि मी तसे सांगणारही नाही. पण मी त्या दिवशी एकच विचारले, "ही पिल्लेच आहेत, हे कशावरून?"

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हा तिघांपैकी कोणाजवळही नव्हते. शिक्षा मात्र ठरली होती.

पिल्लू की प्रौढ?

लहान प्राणी म्हणजे मोठ्या प्राण्याचे पिल्लू, असे आपण चटकन धरून चालतो. गोगलगाईच्या बाबतीत हा समज तपासण्याची सोय निसर्गाने तिच्या पाठीवरच करून ठेवली आहे.

साप कात टाकतो, तसा गोगलगाय शंख टाकत नाही. अंड्यातून बाहेर येताना तिच्या पाठीवर जो इवलासा शंख असतो, तोच जन्मभर राहतो. शरीर वाढते तशी शंखाच्या तोंडाशी भर पडत जाते. तेथे प्रावार नावाचा कातडीचा पडदा असतो. त्यातून पाझरणाऱ्या द्रव्यापासून कॅल्शियम कार्बोनेटचा नवा थर तयार होतो. म्हणजे शंखाचे टोक हा सर्वांत जुना भाग आणि तोंडाची कड हा सर्वांत नवा. झाडाच्या खोडात जशी वर्तुळे, तसे शंखाचे वेढे. वेढ्यांवरून वय वर्षांत सांगता येत नाही, पण वाढ कितपत झाली आहे, हे कळते.

आफ्रिकन गोगलगाईच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लाचा शंख गोलसर, फुगीर आणि दोन-तीन वेढ्यांचा असतो. आमच्या आगपेटीतले शंख सडपातळ होते. भिंगाखाली धरून मुलाने वेढे मोजले: एक, दोन, तीन... सहा, सात! सहा-सात मिलिमीटरच्या शंखात सात वेढे. हे पिल्लू असणे शक्यच नव्हते. या पूर्ण वाढलेल्या, आपापल्या परीने म्हाताऱ्या गोगलगाई होत्या. त्यांची जात मुळातच लहान होती.

मुलाच्या वडिलांनीही भिंग हातात घेतले. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "हे त वेगळंच प्रकरण दिसते."

मोजमापाची फजिती

येथे माझा भौतिकशास्त्राचा अभिमान जागा झाला. म्हटले, मोजल्याशिवाय ज्ञान नाही. दुसऱ्या दिवशी ते शंख मी प्रयोगशाळेत नेले. व्हर्नियर कॅलिपरचे लघुतम माप ०.१ मिलिमीटर. नाजूक शंखावर त्याचे जबडे आवळले तर शंख फुटायचा, म्हणून मी ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप काढला. आमचे विद्यार्थी त्याने केशनलिकेचा व्यास मोजतात. त्याचे लघुतम माप ०.०१ मिलिमीटर, आणि त्यात वस्तूला स्पर्श करावा लागत नाही.

प्रत्येक शंखाची उंची घेतली, रुंदी घेतली, गुणोत्तर काढले. लांबीत थोडाफार फरक होता, पण उंची रुंदीच्या तिपटीच्या जवळपास, असेच उत्तर बहुतेक वेळा येत होते. मी निष्कर्ष काढला: सगळ्या एकाच जातीच्या.

तक्ता घेऊन मी प्राणिशास्त्र विभागातल्या एका सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी आकड्यांकडे पाहिले, मग शंख भिंगाखाली धरले आणि विचारले, "तोंड पाहिलेत का?"

मी तोंड पाहिले नव्हते. काही शंखांचे तोंड साधे, पातळ कडेचे होते. उरलेल्यांच्या तोंडाची कड जाड, पांढरी आणि बाहेर वळलेली होती, आणि तोंडाच्या आत दातांसारखे उंचवटे होते. तोंड जणू कुलपाच्या भोकासारखे झाले होते. मग जिवंत असलेल्यांकडे पुन्हा पाहिले. पहिल्या प्रकारचे शरीर फिकट पिवळसर होते. दुसऱ्याचे शरीर लालसर-नारिंगी असून तो रंग पारदर्शक शंखातून झळकत होता. हा फरक मुलाला आदल्या दिवशीच दिसला होता. "काही लाल आहेत" असे तो म्हणालाही होता. मी त्याचे बोलणे मनावर घेतले नव्हते.

दशांश चिन्हानंतर दोन आकड्यांपर्यंत अचूक मोजून मी दोन वेगळ्या जाती एका खान्यात टाकल्या होत्या. मोजमाप चुकले नव्हते. काय मोजावे, हेच मला ठाऊक नव्हते. शिक्षक मित्रांना हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो. आपल्या प्रयोगवहीत आकड्यांना गुण असतात. 'काय पाहिले' याला गुण देण्याची पद्धत आपण पाडायला हवी.

नाव कसे सापडले?

सहकाऱ्यांनी मला 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या ग्रंथमालेचे भाग दाखवले. जमिनीवरील गोगलगाईंवरचा पहिला भाग ब्लॅनफर्ड आणि गॉडविन-ऑस्टिन यांचा, १९०८ सालचा. पुढचे दोन गूड यांचे, १९१४ आणि १९२१ चे. हे जुने ग्रंथ आता संगणकावर मोफत वाचता येतात. त्यांतील वर्णने, चित्रे आणि अलीकडचे निबंध जुळवून पाहता आमच्या कुंडीतल्या दोन जातींची संभाव्य नावे निघाली. साध्या तोंडाची ती ॲलोपियास ग्रॅसिली आणि दातेरी तोंडाची, लालसर शरीराची ती हटनेला बायकलर.

या दोन्ही गोगलगाईंचे पहिले शास्त्रीय वर्णन एकाच माणसाने, एकाच वर्षी केलेले आहे. टॉमस हटन हा बंगालच्या फौजेतला अधिकारी. त्याने उत्तर प्रदेशातील मिर्झापूर येथे सापडलेल्या गोगलगाईंचे वर्णन १८३४ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. जगात पुढे कित्येक देशांत या जाती सापडल्या, पण त्यांच्या नावाची पहिली नोंद भारतातली आहे.

विद्यार्थ्यांनी येथे एक बारकावा लक्षात घ्यावा. शास्त्रीय ग्रंथांत पहिले नाव 'ॲलोपियास ग्रॅसिली (हटन, १८३४)' असे छापतात. कंस कशासाठी? हटनने तिला बुलिमस ग्रॅसिलिस म्हटले होते, म्हणजे बुलिमस या प्रजातीत घातले होते. प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट. पुढील अभ्यासकांनी तिला दुसऱ्या प्रजातीत हलवले. पहिल्या लेखकाचा मान राखायचा, पण गट बदलला आहे हेही सांगायचे, म्हणून त्याचे नाव कंसात घालतात. दुसरीचेही तसेच. हटनने तिला प्युपा बायकलर म्हटले. त्यानंतर ती एनिया झाली, गुलेला झाली आणि आज हटनेला आहे. या प्रजातीला हटनचेच नाव मिळाले, हा त्याचा गौरव. दोन साध्या कंसांत विज्ञानाने आपली चूकदुरुस्ती उघडपणे नोंदवून ठेवली आहे. चूक खोडून टाकायची नाही, तिच्यावर तारीख घालून ती जपायची, ही पद्धत मला फार आवडते.

ओळख आणि वर्गीकरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ओळख म्हणजे 'ही कोणती' याचे उत्तर. वर्गीकरण म्हणजे 'ही कोणाची नातलग' याचे उत्तर. दुसरे उत्तर कधीकधी चांगलेच चकित करते. सुरुवातीला शास्त्रज्ञ शंखाच्या आकारावरून नाती ठरवत. मग गोगलगाईचे विच्छेदन करून आतले अवयव पाहू लागले, तेव्हा सारखे शंख असलेल्या काही जाती परक्या निघाल्या. आता पेशीतील डीएनए तपासतात. या तपासणीनंतर आजचे अनेक अभ्यासक ॲलोपियासला ॲकॅटिनिडी कुलात घालतात. आणि या कुलातला सर्वांत बदनाम सभासद कोण? आफ्रिकन गोगलगाय! तिचा शंख वीस सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो, आमच्या कुंडीतलीचा जेमतेम एक सेंटिमीटर. मुलाने 'पिल्लू' म्हटले ते चूक होते, पण भाऊबंदकीचे नाते मात्र निघाले.

आणि ती दुसरी, लालसर शरीराची हटनेला? ती स्ट्रेप्टॅक्सिडी या कुलातली. या कुलातल्या गोगलगाई पाने खात नाहीत. त्या मांसाहारी आहेत. हटनेला इतर लहान गोगलगाईंवर जगते. कुंडीत ॲलोपियासच्या घोळक्यात ती काय करत होती, याचा उलगडा आता झाला. तो घोळका नव्हता. ती शिकारीची जागा होती.

म्हणजे पाहा, ज्या आगपेटीवर मीठ पडायचे होते, तिच्यात आफ्रिकन गोगलगाय एकही नव्हती. एक जात कुजका पालापाचोळा आणि वनस्पतींचे भाग खाणारी, दुसरी गोगलगाईंनाच खाणारी. मीठ या दोघींत भेद करत नाही. मिठाने परासरण होते, म्हणजे ओल्या कातडीतून शरीरातले पाणी बाहेर खेचले जाते आणि प्राणी मरतो. मेटाल्डिहाइडच्या गोळ्याही या जातीची कोणती आणि त्या जातीची कोणती, हे विचारत नाहीत. भेद करण्याचे काम माणसाच्या डोळ्यांचे आहे.

न ओळखता केलेले उपाय

कोणी म्हणेल, चार चिमुकल्या गोगलगाई मेल्या तर काय बिघडले? त्यांना मी दोन गोष्टी सांगतो.

पहिली आपल्याच देशातली. आफ्रिकन गोगलगाय भारतात आपोआप आली नाही. १८४७ साली विल्यम बेन्सन हे गृहस्थ मॉरिशसहून ती जिवंत घेऊन कलकत्त्याला आले, आणि चौरंगी भागातल्या एका बागेत ती सुटली. बेन्सन कोणी अडाणी नव्हते; भारतातील गोगलगाईंच्या कितीतरी जातींना त्यांनीच नावे दिली आहेत. जातीचे नाव ठाऊक असणे वेगळे आणि तिच्या वागण्याचा परिणाम ठाऊक असणे वेगळे, हे त्यांच्या उदाहरणावरून शिकावे. एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालणारी ही गोगलगाय पुढे देशभर पसरली.

दुसरी गोष्ट पॅसिफिक महासागरातील मूरिया बेटाची. तेथेही हीच आफ्रिकन गोगलगाय शेतीची शत्रू झाली होती. तिच्यावर उपाय म्हणून १९७७ साली अमेरिकेतील फ्लोरिडाकडची युग्लँडिना रोझिया ही मांसाहारी गोगलगाय आणून सोडली. युग्लँडिनाने आफ्रिकन गोगलगाय संपवली नाही. तिने बेटावरच्या पार्ट्युला या लहान, देशी गोगलगाई खाल्ल्या. दहा वर्षांत, १९८७ पर्यंत, मूरियाच्या रानातून पार्ट्युला नाहीशा झाल्या. काही जाती वाचल्या त्या प्राणिसंग्रहालयांत पाळल्या होत्या म्हणून. २०१५ पासून त्यांना पुन्हा बेटांवर सोडण्याचे प्रयत्न चालू आहेत.

म्हणून हटनेला मांसाहारी आहे हे वाचून तिच्या बाटल्या भरून शेतात सोडायला कोणी निघू नये. ती आफ्रिकन गोगलगाईचा बंदोबस्त करील, असा माझा दावा नाही. माझे म्हणणे इतकेच, की मारायचे असो, वाचवायचे असो की वापरायचे असो, त्याआधी ओळख हवी. शेतात उपद्रव दिसला तर शंख डबीत घालून कृषी अधिकाऱ्याला किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांना दाखवावा आणि मग त्यांच्या सल्ल्याने उपाय करावा. आजारी माणसाला तपासल्याशिवाय आपण इंजेक्शन देत नाही. शेताच्या बाबतीत तेवढाच विवेक हवा.

हे काम कोणाचे?

"हे तज्ज्ञांचे काम, शाळेतल्या मुलांचे नव्हे" असा आक्षेप मला ऐकू येतो. तज्ज्ञ हवेतच. पण इतिहास काय सांगतो? हटन सैनिक होता. बेन्सन सनदी अधिकारी. ग्रंथाचा लेखक ब्लॅनफर्ड हा भूवैज्ञानिक. त्याचा भाऊ हेन्री ब्लॅनफर्ड याने त्याच्या जोडीने १८६० साली भारतीय गोगलगाईंवर निबंध लिहिला. हाच हेन्री पुढे भारताच्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला आणि १८८४ साली त्याने हिमालयातील बर्फ व मान्सून यांच्या संबंधावर लिहिले. गॉडविन-ऑस्टिन हा सर्वेक्षक. काराकोरममधील के-टू या शिखराला पूर्वी त्याचे नाव दिले जाई. जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शिखराच्या परिसराची मोजणी करणारा माणूस तीन मिलिमीटरच्या गोगलगाईचे विच्छेदन करत बसत असे. या सर्वांनी आपला मूळ व्यवसाय सांभाळून हे काम केले.

ते परके राज्यकर्ते होते, त्यांच्याजवळ सवड आणि सत्ता होती, आणि त्यांनी जमवलेले अनेक नमुने परदेशी गेले, हेही खरे. पण आज अडचण कोणती आहे? १९१६ पासून आपली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था आहे. तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. भारतात जमिनीवरील गोगलगाईंच्या हजाराहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत आणि भर पडतच आहे. २०२१ साली सिंधुदुर्गातील आंबोलीच्या परिसरातून एक अर्धशंखी गोगलगाय विज्ञानाला नव्याने कळली. ती इतकी वेगळी होती की तिच्यासाठी नवी प्रजाती करावी लागली. सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या सन्मानार्थ त्या प्रजातीचे नाव वरदिया ठेवले. शोध लागण्याचे दिवस संपलेले नाहीत.

आपल्या भाषेकडेही पाहा. बैलाचा रंग, शिंगांचा बाक, चालण्याची ढब यांवरून आपल्या शेतकऱ्याजवळ डझनावारी शब्द आहेत. हजार जातींच्या गोगलगाईंना शब्द मात्र एकच! ज्याच्याकडे आपण नीट पाहतो, त्याला भाषा नावे देते. पाहायला लागलात तर नावेही तुम्हीच द्याल.

आगपेटीचा धडा

सुरुवात आपल्या अंगणापासून करावी. कुंडीखाली, विटांच्या फटीत, न्हाणीच्या सांडपाण्याजवळ, पाल्याच्या ढिगात रिकामे शंख सापडतात. मेळघाटसारख्या संरक्षित जंगलातून परवानगीशिवाय काहीही उचलू नये. तो गुन्हा आहे. गोगलगाईंच्या अंगावर माणसाला अपायकारक असे जंत असू शकतात, म्हणून चिमटा किंवा पान वापरावे आणि नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत.

शंख रिकामाच आहे ना, याची खात्री करावी. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात गोगलगाय शंखाचे तोंड वाळलेल्या चिकट पडद्याने बंद करून निपचित पडते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १८४६ साली वाळवंटातल्या एका गोगलगाईचा शंख मेलेला समजून पुठ्ठ्यावर चिकटवला होता. १८५० साली तो कोमट पाण्यात टाकला, तर आतली गोगलगाय चालू लागली!

मग शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे, असा धरावा. तोंड उजव्या हाताला आले तर शंख उजवा. बहुतेक शंख असे उजव्या आट्याच्या स्क्रूसारखे असतात. कोकणात आणि मुंबईकडे आढळणारी ॲरिओफँटा लीव्हिपीस ही मात्र डावरी. त्यानंतर वेढे मोजावेत, उंची-रुंदी घ्यावी, तोंडाची कड आणि दात पाहावेत, चित्र काढावे. मोबाईलवर छायाचित्रावरून नाव सांगणारी साधने आता आहेत. ती जरूर वापरा, पण त्यांचे उत्तर म्हणजे सूचना समजा, निकाल नव्हे. तोंडाचे दात दिसत नसलेल्या छायाचित्रावरून यंत्र तीच चूक करील, जी मी ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपने केली.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट चिठ्ठी. शंख कोठे, कधी, कशावर, कोणाला सापडला, हे त्याच वेळी लिहून डबीत टाकावे. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. अकोल्याला बहिणीच्या अंगणातून मी काही शंख आणले होते आणि काही अमरावतीच्या घरचे होते. दोन आगपेट्या, चिठ्ठी एकीतही नाही. एकदा टेबलावरून दोन्ही पडल्या आणि शंख एकमेकांत मिसळले. सहकाऱ्यांकडे नेले तर ते म्हणाले, "सर, आता ही सदऱ्याची बटणे झाली." ते खरेच होते. नाव आज चुकले तरी उद्या दुरुस्त करता येते. ठिकाण हरवले की ते परत मिळत नाही. चुकीच्या नावाच्या पण बरोबर ठिकाणाच्या नमुन्याला किंमत आहे. उलट स्थितीतल्या नमुन्याला फारशी नाही.

माझी सूचना साधी आहे. वऱ्हाडातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटाचा एक खण आपल्या गावच्या शंखांसाठी ठेवावा. पाठ्यपुस्तकात मृदुकाय संघाला दोन-तीन उदाहरणे असतात, ती पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरली जातात. खणातली डबी विसरली जात नाही. आणि पाहा, यातून प्रश्न कसे निघतात! गोगलगाईला शंखासाठी कॅल्शियम लागते. मग पूर्णेच्या खाऱ्या पट्ट्यातल्या गावात आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात त्याच जाती सापडतील का? संख्या कमीजास्त असेल का? शंख जाड-पातळ असतील का? अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या दहा शाळांनी तीन पावसाळे नोंदी ठेवल्या, तर या प्रश्नांवर बोलण्याजोगे काही आपल्या हाती येईल. ते कोणत्याही ग्रंथातून उतरवून घेतलेले नसेल.

शिक्षकांना एक विनंती. ज्या डबीवर नाव लिहिता येत नसेल, तीवर विद्यार्थ्याला 'जात अनिश्चित' असे लिहू द्या आणि त्याला पूर्ण गुण द्या. आमच्या लाल गोगलगाईच्या डबीवर मी 'हटनेला, बहुधा बायकलर' असेच लिहिले आहे. ते 'बहुधा' तज्ज्ञाने स्वतः नमुना पाहून खोडेपर्यंत तसेच राहील.

आमच्या शेजारच्या मुलाने आता स्वतःचे भिंग घेतले आहे. त्याचे वडील परवा शेतातून पाच-सहा मोठे शंख एका डब्यात घालून घेऊन आले. मिठाची पुडी खिशात होतीच, ती त्यांनी लपवली नाही. डबा टेबलावर ठेवून म्हणाले, "सर, पहिले पाहून घ्या, हे कोन्ते होय. मंग ठरवू."

शास्त्रीय वृत्ती म्हणून आपण ज्याचे गोडवे गातो, ती याहून वेगळी आहे असे मला वाटत नाही.